ऑटोमॅटिक गाडीचं गिअरबॉक्स ऑइल घरी बदलावं का? (मुक्काम पार्किंग)

दुसरा_गिअर | ८ जून, २१:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय. (सगळे असेच काढतात, माहीत आहे.)

गाडी २०१२ ची, पेट्रोल, जपानी सेडान, ५ स्पीड ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पहिले चाळीस प्रतिसाद 'त्यापेक्षा अमुक घ्यायला हवी होती' असे येतात. ९४,००० किमी झालेत. गिअरबॉक्सचं ऑइल, म्हणजे एटीएफ, आजवर एकदाच बदललंय, ५२,००० ला. गेल्या महिन्यात खंबाटकी चढताना दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना गाडी किंचित अडखळल्यासारखी वाटली. बायकोला वाटली नाही. मला वाटली.

सर्व्हिस सेंटरला विचारलं तर काउंटरवरचा मुलगा आधी म्हणाला, "सर, ते लाइफटाइम असतं." मॅन्युअलचं पान दाखवल्यावर तो आत जाऊन आला आणि साडेअकरा हजारांचा अंदाज हातात ठेवला. त्यात मशीनने फ्लशिंग, म्हणजे जुनं तेल सगळं ढकलून काढणं, धरलेलं. पुस्तकात तर नुसतं 'काढा आणि भरा' एवढंच आहे.

तर प्रश्न एवढाच की हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी, माझ्यासारख्याला जमेल का? इंजिन ऑइल सहा वर्षं स्वतः बदलतोय, त्यामुळे पाना धरता येतो. पण गिअरबॉक्स म्हटलं की पोटात गोळा येतो.

मिसळ_मध्यम | ८ जून, २१:५२

बायकोला न जाणवलेल्या गोष्टीवर खर्च करायला बसलेल्या सर्व पुरुषांना माझा पाठिंबा. वाचतोय.

सदाशिव४११०३० | ८ जून, २२:१५

अजिबात करू नका. माझ्या मेहुण्याने १,१०,००० किमीला पहिल्यांदा ऑइल बदललं, तेही हौसेने, आणि वीस दिवसांत गाडी रिव्हर्स घेईना. जुन्या ऑइलची गिअरबॉक्सला सवय झालेली असते. चालतंय ना? मग चालू द्या.

हायड्रॉलिकताई | ८ जून, २३:०५

सदाशिवराव, मेहुण्यांबद्दल वाईट वाटलं, पण कारण आणि निमित्त यांत तुमची गल्लत होतेय.

भोसरीत वीस वर्षं हायड्रॉलिक प्रेसवर काढलीत, म्हणून तेलाबद्दल थोडं बोलते. एटीएफ हे नुसतं वंगण नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे पोचवतं ते हेच तेल. व्हॉल्व्ह बॉडीतून दाबाने जाऊन क्लचच्या चकत्या आवळतं तेही हेच. चकत्यांनी किती घसरून मग पकडायचं, तो हिशेब तेलात मिसळलेल्या रसायनांवर असतो. आणि शिवाय सगळी उष्णता कूलरपर्यंत वाहून न्यायची. एका पगारात चार नोकऱ्या. तापून तापून ती रसायनं थकतात, मग गिअर पडताना हिसका तरी बसतो नाहीतर गाडी रेंगाळते.

१,१०,००० किमी पहिलंच तेल चालवलं, म्हणजे मेहुण्यांच्या चकत्या आधीच झिजलेल्या असणार. झिजलेल्या चकत्यांची भुकटी जुन्या तेलात तरंगत असते, आणि कधीकधी तिच्यामुळेच थोडीफार पकड टिकून असते. तेल बदललं की भुकटी जाते आणि घसरण उघडी पडते. पेशंट आधीच अत्यवस्थ होता हो, चादर बदलली म्हणून गेला नाही.

दुसरा_गिअर, तुमचं ५२,००० ला एकदा झालंय, तेव्हा तुम्हाला ही भीती फारशी नाही. तरी आधी तेलाची पातळी बघायची पट्टी (डिपस्टिक) काढून पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. लालसर किंवा तपकिरी असेल तर खुशाल बदला. काळंकुट्ट असेल आणि करपल्यासारखा वास येत असेल तर आधी जाणत्या माणसाला दाखवा.

दुसरा_गिअर | ९ जून, ०७:२०

ताई, टाकला थेंब. रंग कोकम सरबत आणि कोरा चहा यांच्या मधला. करपलेला वास नाही. म्हणजे मला तरी नाही. तो कागद मी डायनिंग टेबलावर वाळत ठेवला होता, त्याबद्दल घरात वेगळी चर्चा झाली.

सदाशिव४११०३० | ९ जून, ०९:०२

ताईंचा प्रतिसाद मेहुण्याला वाचून दाखवला. चादरीपाशी तो बराच वेळ गप्प होता.

आरामात_चला | ९ जून, ०९:४५

माझी मारुतीची एजीएस आहे, चाळीस हजार झालेत. मीही बदलून टाकू का? पट्टी सापडत नाहीये, अर्धा तास बॉनेट उघडून उभा आहे.

चाकणची_पाळी | ९ जून, १०:१०

बॉनेट बंद करा काका. तुमची एएमटी. मारुती तिलाच एजीएस म्हणते. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्राचा माणूस बसवलाय. गिअरबॉक्समध्ये नेहमीचं गिअर ऑइल, आणि त्या यंत्राच्या माणसाला स्वतःचं वेगळं, थोडंसं तेल. ताई सांगतायत त्यातलं तुमच्या गाडीत काही नाही.

२०१४ साली सेलेरिओबरोबर एएमटी आपल्याकडे आली, तेव्हापासून 'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली चार वेगळी जनावरं नांदतायत. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी, डीसीटी (दोन क्लचवाली) आणि तुमची एएमटी. सीव्हीटीत दोन पुलींवर पोलादी पट्टा, त्याचं तेल निराळं. होंडाचं एचसीएफ-२, निस्सानचं एनएस-३, अशी प्रत्येकाची नावं. त्यात साधं एटीएफ ओतणं म्हणजे पट्ट्याची वाट लावणं. डीसीटीतही ओला क्लच की कोरडा यावर तेल बदलतं. दुकानदार 'सगळ्याला चालतं' म्हणून जो डबा पुढे करतो, तो गोड बोलून परत द्यायचा. पुस्तकात छापलेलं नाव, तेच घ्यायचं.

आणि ते 'लाइफटाइम' प्रकरण. झेडएफ ही जर्मन कंपनी कितीतरी मोठ्या ब्रँडना गिअरबॉक्स पुरवते. ती स्वतः तेल ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षांनी बदला म्हणते. तोच गिअरबॉक्स ज्या गाडीत बसतो, ती गाडी विकणारा लाइफटाइम म्हणतो. कुणाचं लाइफ ते विचारून घ्यावं.

आरामात_चला | ९ जून, १०:१४

बंद केलं. धन्यवाद. हात काळे झाले फक्त.

नळीवाला | ९ जून, १३:३०

दोन वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं. गाडी दुसरी, पट्टी नसलेली.

साडेसातला खाली शिरलो. आठला खालचं बूच उघडलं, तीन लिटर तेल घमेल्यात. हात पुसले. वर जाऊन चहा घेतला. खाली येऊन भरायचं बूच उघडायला गेलो, तर ते हलेना. गंज सोडवायचा फवारा मारला, टॉमीला नळी लावून जोर काढला, धाकट्या भावाला बोलावलं. बुचाची षटकोनी खोबण गोल झाली. आता गाडीच्या पोटात तेल नाही आणि घालायची वाट बंद. इंजिन सुरू करायची सोय नाही. आठ दिवस गाडी तिथेच. शेजारच्या काकू रोज दूध आणायला जाताना "झाली का हो?" विचारायच्या, येताना पुन्हा विचारायच्या. शेवटी एक मेकॅनिक येऊन बुचावर नट वेल्ड करून गेला, मग पान्याने एका झटक्यात निघालं.

भरायचं बूच आधी. ते सुटलं तरच खालच्याला हात लावा.

मिसळ_मध्यम | ९ जून, १३:४१

काकूंना +१.

तिसरी_घंटा | ९ जून, १४:२०

नळीवाला, तुम्ही निदान योग्य बूच तरी काढलंत. मी एका गॅरेजला इंजिन ऑइल बदलायला गाडी दिली. पोराने गिअरबॉक्सचं बूच उघडलं, लाल तेल सगळं सांडून दिलं, आणि वर इंजिनात साडेतीन लिटर नवं ओतलं. गिअरबॉक्स रिकामा, इंजिन दुप्पट भरलेलं. गाडी गॅरेजच्या गेटपर्यंत आली आणि तिथेच बसली. मालक मलाच विचारतो, "आधीपासून असंच होतं का?" निघालेल्या तेलाचा रंग जरी कुणी बघितला असता!

वेताळ_टेकडी | ९ जून, १८:०५

थोडं अवांतर. सिग्नलला गाडी 'डी'मध्येच (ड्राइव्ह) ठेवावी की 'एन'मध्ये (न्यूट्रल) टाकावी? विद्यापीठ चौकात उभं राहून राहून ऑइल तापत असेल असं मला नेहमी वाटतं, म्हणून मी प्रत्येक सिग्नलला 'एन' करतो.

चाकणची_पाळी | ९ जून, १८:२२

प्रत्येक वेळी 'एन'मधून 'डी'त येताना क्लचच्या चकत्या नव्याने आवळल्या जातात, म्हणजे तुम्ही एका सिग्नलचं तापणं वाचवायला एक झीज विकत घेताय. मिनिटभरासाठी ब्रेक दाबून 'डी'तच राहा. दहा मिनिटं हलायची आशा नसेल तर सरळ 'पी' (पार्क). आणि उतारावर 'एन' कधीच नाही. कात्रज उतरताना पेट्रोल वाचवतो म्हणून 'एन' करणारे लोक मी बघितलेत. इंजिनाचा ब्रेक जातो आणि सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर.

वेताळ_टेकडी | ९ जून, १८:३०

उतारावर मी करत नाही. (आता करणार नाही.)

हायड्रॉलिकताई | ९ जून, १८:५०

पण त्यांचा मूळ मुद्दा खरा आहे. सतत थांबणं-निघणं, घाट, ऊन, हे बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात 'कठीण वापर' या सदरात येतं आणि त्यासाठी तेल लवकर बदलायला सांगतात. पुण्यात रोज ऑफिसला जाणाऱ्याने स्वतःला सोप्या वापरात धरू नये.

आकडेमोड | ९ जून, २१:१५

कुणीच हिशेब मांडला नाही म्हणून मांडतो. बूच काढलं म्हणून सगळं तेल येत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. एकूण ६ लिटर धरू आणि बुचातून अडीच निघतं असं धरू. म्हणजे एका वेळी ४२ टक्के नवं. थोडी गाडी फिरवून पुन्हा तेच केलं की ६६ टक्के. तिसऱ्यांदा ८० टक्के. चौथ्यांदा ८८, पण तोवर तुम्ही नवंच तेल काढून टाकत असता. मशीनवाले एका बैठकीत जवळजवळ सगळं बदलतात हे खरं, पण मशीनमध्ये कुठलं तेल भरलंय आणि आधीच्या गाडीचं किती उरलंय हे आपल्याला दिसत नाही. मी दोन-तीन फेऱ्यांच्या बाजूने आहे.

पातळी मोजताना तापमान पाहा. तेल दर १० अंशांना साधारण पाऊण टक्का फुगतं. ६ लिटर तेल ५० अंशांनी तापलं तर पाव लिटरच्या जवळ फरक. थंड गाडीवर पट्टी बघून 'कमी आहे' म्हणत ओतलं की गरम झाल्यावर जास्त होणार, आणि जास्त झालेलं तेल घुसळून फेस होतो. फेसाला दाब नसतो.

जुनी_मासिके | ९ जून, २२:४०

तेलावरून आठवलं. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला, १९४० च्या ओल्ड्समोबाइलमध्ये. एटीएफचं त्यांचं पहिलं मोठं मानक 'टाइप ए' १९४९ चं. त्या काळच्या तेलात घर्षण आटोक्यात ठेवायला काय घालत असतील? स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल. उष्णतेत टिकायचं म्हणे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने देवमाशाच्या तेलावर बंदी आणली, मग गिअरबॉक्सवाल्यांची धावपळ झाली आणि कृत्रिम पर्याय शोधावे लागले. जोजोबा नावाच्या झुडपाच्या बियांचं तेलही त्याच्या जागी सुचवलं गेलं.

मिसळ_मध्यम | ९ जून, २२:४६

म्हणजे एकेकाळी ऑटोमॅटिक गाडी उपासाला चालत नव्हती.

विजेचा_पुरवठा | १० जून, ०८:००

ईव्ही घ्या. ना तेल, ना बूच, ना काकू.

चाकणची_पाळी | १० जून, ०८:२५

ईव्हीतही मोटरचा वेग उतरवायला एक छोटा गिअरबॉक्स असतो आणि त्यात तेल असतं. पुस्तक उघडून बघा, तुमचीही पाळी येईल.

सोसायटी_सचिव | १० जून, ११:३०

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण आमच्याकडे पार्किंगमध्ये असा एक ऑइलचा डाग आहे ज्याचं वय माझ्या नातवाहून जास्त आहे. फरशीत मुरलं की निघत नाही, आणि पावसाळ्यात त्यावरून स्कूटर घसरते. गेल्या वर्षी एका सभासदाने जुनं तेल सरळ पावसाच्या जाळीत ओतलं. आमची जाळी आंबील ओढ्याला मिळते आणि ओढा मुठेला. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल येतं, हे त्याला नोटीस देताना मला कळलं. तेव्हा करा, पण खाली जाड पुठ्ठा, त्यावर प्लास्टिक, आणि जुनं तेल बाटल्यांत भरून अशा गॅरेजला द्या जिथे पिंप ठेवलेलं असतं आणि अधिकृत माणूस उचलायला येतो. आणि आधी सचिवांना सांगा. परवानगीसाठी नाही हो, आम्हालाही बघायचं असतं.

दुसरा_गिअर | १० जून, १३:१०

सर्वांचे मनापासून आभार. ठरलं, करतोय. तेल नाना पेठेत मिळालं, पुस्तकात आहे तेच, सीलबंद १ लिटरचे तीन डबे. उचललेली गाडी टेकवायच्या घोड्या (जॅक स्टँड) नाहीत माझ्याकडे, एवढंच अडलंय. स्टेपनीसोबतचा जॅक आणि सिमेंटचे दोन ब्लॉक चालतील का?

हायड्रॉलिकताई | १० जून, १३:१२

नाही!

चाकणची_पाळी | १० जून, १३:१५

स्टेपनीचा जॅक चाक बदलायला. त्यावर गाडी उभी असताना खाली बोटसुद्धा घालू नका. आणि सिमेंटचा ब्लॉक वाकून इशारा देत नाही, एकदम फुटतो. लोखंडी घोड्याच हव्यात, आणि चारही, म्हणजे गाडी सपाट राहील.

नळीवाला | १० जून, १३:४०

माझ्याकडे चार आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

दुसरा_गिअर | ३० जून, १९:५०

वृत्तांत द्यायला उशीर झाला, दोन रविवार पावसाने खाल्ले.

नळीवाला यांच्याकडून घोड्या आणल्या. (प्रत्यक्षात ते इथल्याहून कमी बोलतात.) खालच्या बुचाला चौकोनी खोबण आहे, म्हणून चौकोनी किल्ली शोधत बोहरी आळीत तीन दुकानं हिंडलो. तिसऱ्या दुकानदाराने पिशवीतलं माझंच रॅचेट काढून दाखवलं. सॉकेट काढून टाका, डोकं सरळ बुचात घाला. ३/८ इंची चौकोन, चपखल बसला. सहा वर्षं ते रॅचेट माझ्याकडे आहे.

आज सकाळी दहा मिनिटं गाडी फिरवून आणली, म्हणजे तेल कोमट होईल. सचिव आमच्याही सोसायटीत आहेत, ते खुर्ची घेऊन आले. भरायचं बूच आधी उघडलं. सुटलं. मग खालचं. धार चांगली मनगटाएवढी आली आणि घमेल्याच्या काठावरून थेट माझ्या बाहीत. बुचाच्या टोकाला लोहचुंबक आहे, त्यावर काजळासारखा मऊ राखाडी थर होता. बोटांत चोळून बघितला, कण लागले नाहीत. ताई, हे ठीक ना? जुनं तेल पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरून मोजलं, २.४ लिटर.

आता गडबड. नवा वायसर लावून बूच बसवलं, ४९ न्यूटन मीटरला आवळलं, आणि आवरायला घेतलं तर जुना वायसर कुठेच नाही. घमेल्यात नाही, पुठ्ठ्यावर नाही. सचिव म्हणाले, "तो वरच चिकटून असेल." पुन्हा बूच काढलं. खरंच जुना वायसर गिअरबॉक्सच्या अंगाला चिकटलेला आणि त्यावर मी नवा चढवलेला. नखाने सुटला नाही, स्क्रूड्रायव्हरने हळूच काढला. तेल भरण्याआधी लक्षात आलं म्हणून बरं.

२.४ लिटर मोजून भरलं. बारीक तोंडाचं नरसाळं होतं, त्यामुळे पाऊण तास लागला. गाडी गरम केली, रेडिएटरचा पंखा दोनदा लागेपर्यंत, मग बंद करून मिनिटभराने पट्टी बघितली. (माझ्या पुस्तकात इंजिन बंद करून ६० ते ९० सेकंदांत बघायला सांगितलंय. काही कंपन्यांत इंजिन चालू ठेवून बघतात, आपापलं पुस्तक बघा.) दोन खुणांच्या बरोबर मधे.

तेल आणि वायसर मिळून अडीच हजारांच्या आत. बाही वेगळी.

हायड्रॉलिकताई | ३० जून, २०:२०

काजळ चालतं. कातळीसारखे चकचकीत तुकडे असते तर मी तुम्हाला झोपू दिलं नसतं. छान केलंत.

वेताळ_टेकडी | ३० जून, २०:३२

मुख्य राहिलंच की. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर?

दुसरा_गिअर | ३० जून, २१:०५

संध्याकाळी जुन्या कात्रज घाटात नेली होती. मला अडखळणं कमी वाटलं, गेलंय असं म्हणणार नाही. आकडेमोड यांच्या हिशेबाने अजून ६० टक्के जुनंच आहे. बायको म्हणते काही फरक नाही, पण तिला आधीही काही वाटलं नव्हतं, त्यामुळे ते मत धरता येत नाही. दुसरी फेरी ऑगस्टमध्ये.

सदाशिव४११०३० | ३० जून, २१:३०

मेहुण्याने नवीन गाडी घेतलीये, तीही ऑटोमॅटिकच. तो विचारतोय, घोड्या मोकळ्या कधी होतील.

नळीवाला | ३० जून, २१:३४

अजून त्यांच्याकडेच आहेत.

दुसरा_गिअर | ३० जून, २१:३६

रविवारी आणून देतो. धुऊन.